वाघाला गाईड, स्तुपाला कोणी नाही

ताडोब्याच्या कुठल्याही गेटातून आत जायचं तर जिप्सीत गाईड घ्यावाच लागतो. तुम्ही दरसाल येत असा, गळ्यात हातभर लांब लेन्स असो, पक्ष्यांची नावं तोंडपाठ असोत. गाईड नसेल तर गाडी आत सोडत नाहीत. हा गाईड जंगलाच्या काठावरच्या गावातला असतो. त्याच्या आधीच्या पिढीला वनखातं म्हणजे पावती आणि दम एवढंच ठाऊक होतं. मोहफुलं वेचली म्हणून, सरपण आणलं म्हणून, गाय आत शिरली म्हणून. आज त्याच घरातला पोरगा 'कॉल चालू आहे, गाडी बंद करा' म्हणतो (कॉल म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर हरणं-माकडं देतात तो इशारा) आणि मुंबईहून आलेले डॉक्टरसाहेब श्वास रोखून बसतात. वाघ दिसो न दिसो, ठरलेली फी त्याच्या हातात पडते. वन्यजीव पर्यटनाबद्दल माझ्या पुष्कळ तक्रारी आहेत, पण ही एक गोष्ट मात्र झकास झाली.

आता तिथून उत्तरेला पवनीला चला. भंडारा जिल्हा, वैनगंगेचा काठ. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं, तेव्हा मातीखालून बौद्ध स्तूप निघाला. मौर्य-सातवाहन काळातला. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प निघालं, त्यावर ब्राह्मीत त्याचं नाव कोरलेलं. थोडक्यात, सांची-भारहूतच्या स्तुपांवरच्या गोष्टी जेव्हा दगडात उतरत होत्या तेव्हा वैनगंगेच्या काठीही त्या कोरल्या जात होत्या. आपल्याकडच्या शाळेत सांची शिकवतात, पवनी नाही. रविवारी तिथे गेलात तर टेकडी दिसेल, तिच्यावरचं जगन्नाथाचं देऊळ दिसेल, नदीकडचा वारा मिळेल. आपण कशावर उभे आहोत हे सांगायला तिथे कोणी नसतं.

पाटी असते. पुरातत्त्व खात्याची ती निळी पाटी विदर्भात फिरणाऱ्या प्रत्येकाने पाहिली आहे. तिच्यावर काय लिहिलेलं असतं, आठवा. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं घोषित केलेलं आहे. जो कोणी त्याचा नाश करील, विद्रूप करील, तो शिक्षेस पात्र ठरेल. जुन्या पाट्यांवर तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड; २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षं किंवा एक लाख. म्हणजे हे मोडलं तर काय होईल ते कळतं, हे आहे काय ते कळत नाही. पाहुणा दारात उभा असताना घरच्यांनी आधी दंड सांगावा आणि आत निघून जावं, तसला हा प्रकार. पाटीच्या खाली कोणीतरी हमखास बाण मारून बदाम काढलेला असतो.

विदर्भातल्या ऐतिहासिक जागांवर सरकारला पैसा खर्च करायचा असेल, तर पहिला पैसा दगडावर घालू नये, सांगणाऱ्या माणसावर घालावा, असं माझं मत आहे. रस्ता, कुंपण, संडास, पार्किंग हे सगळं नंतर. आधी गावातला एक माणूस, शिकवून तयार केलेला, आणि त्याला मिळणारी ठरलेली फी. हे ऐकून पर्यटन विकासवाले हसतील, कारण यात उद्घाटनाला काही नाही. फीत कापायची तर कमान लागते.

आणि कमानीच उभ्या राहतात. याचं कारण लोकांना रसिकता नाही हे नव्हे. कारण पैशाच्या वाटेत आहे. खेड्यातल्या एखाद्या जुन्या जागेला जिल्ह्याकडून निधी मिळवायचा सगळ्यात सरधोपट मार्ग म्हणजे ती जागा 'क वर्ग' तीर्थक्षेत्र करून घेणं. तसा ठराव झाला, लोकप्रतिनिधींनी मनावर घेतलं, की जिल्हा नियोजनातून पैसे येतात. ते कशासाठी येतात? सभामंडप, भक्तनिवास, संरक्षक भिंत, पेव्हर ब्लॉक. इतिहास म्हणून निधी मिळणं कठीण, तीर्थ म्हणून सोपं. मग सरपंच तरी काय करणार? गावात तेराव्या शतकातलं काळ्या दगडाचं देऊळ आणि त्याच्याच शेजारी तितकीच जुनी पायविहीर असेल, तर देवळापुढे पत्र्याचा मंडप उभा राहतो, गाभाऱ्यात पांढऱ्या टाइल बसतात, खांबांवरच्या यक्षांना दर दोन-तीन वर्षांनी निळा-गुलाबी ऑइलपेंट मिळतो. आणि विहिरीत गावाचे निर्माल्य आणि गुटख्याच्या पुड्या. विहिरीला देव नाही, म्हणून वर्गही नाही. दर्यापूर भागातली महिमापूरची सात मजली विहीर एकदा पाहून या. कमानींमधून एकेक मजला खाली उतरताना उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो. असलं काही राजस्थानात असतं तर आपण तिकीट काढून, फोटो काढून आलो असतो आणि 'बघा, त्यांनी कसं जपलंय' म्हणालो असतो.

ऑइलपेंटचा राग मला फार येतो, पण रंगवणारी माणसं त्या देवळावर प्रेम करतात हेही तितकंच खरं. त्यांना कोणी सांगितलेलंच नाही की दगडाला रंग दिला की त्याच्यातला ओलावा आत कोंडतो आणि पापुद्रे सुटतात, आणि रंगाच्या थराखाली एखादा शिलालेख असू शकतो. अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीच्या देवळात शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ चा लेख आहे. आता विदर्भात चुना न वापरता काळ्या दगडात बांधलेलं जे दिसेल त्याला आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाडपंत देवगिरीच्या यादवांकडे होते ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. हे देऊळ त्यांच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं उभं होतं. ही माहिती सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं तिथे कोणाच्या नोकरीत बसत नाहीत.

आता ज्याला ना देव आहे, ना भिंत, ना दार, अशा गोष्टीकडे येतो, कारण माझ्या मते खरी कसोटी तिथे आहे. नागपूरच्या आसपास, काटोल रस्त्याच्या अंगाला, हिंगण्याकडे, कुही-पारशिवनीकडे शेतांमध्ये मोठमोठ्या गोट्यांची रिंगणं आहेत. शिलावर्तुळं. लोहयुगातल्या माणसांची ही दफनं, अडीच हजार वर्षांहून जुनी. एकट्या जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्यातली काही उकरून पाहिली होती. माहुरझरीला घोड्याची दफनं मिळाली, घोड्याच्या तोंडावर तांब्याचे दागिने. अकीक-कार्नेलियनचे मणी मिळाले, आणि हे मणी तिथेच घडवले जात. पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे संत्र्यांचं नागपूर, आरेंज सिटी वगैरे होण्याच्या कितीतरी आधी इथे लोखंडाचे कारागीर होते, घोडेस्वार होते, आणि मेलेल्या माणसाभोवती दगड लोटून आणून गोल रचण्याइतका वेळ आणि माया असलेला समाज होता.

अशा एका गावी आम्ही हिवाळ्यात गेलो होतो. पांदण संपली तिथे गाडी ठेवली आणि तुरीतून चालत निघालो. तूर शेंगांवर आलेली, डोक्याइतकी. मधेच पीक नसलेला एक गोल आला, त्यात गवत आणि भोवती गोटे, काही गुडघ्याएवढे, काही कमरेला लागतील असे. एका गोट्यावर बोटाचं टोक बसेल एवढ्या खळग्या, एकामागे एक, नीट ओळीत. निसर्गाने केलेल्या नाहीत हे हात फिरवला की कळतं, कारण सगळ्यांची खोली सारखी लागते. आम्ही वाकून मोजत होतो तेवढ्यात धुऱ्यावरून आवाज आला.

"काय पाहून राह्यले जी?"

"काका, हे दगडांचं रिंगण कशाचं?"

"काय मालूम. आमच्या आज्याच्या टायमापासून हायेत. वखरात आडवे येते म्हून दोन-चार धुऱ्यावर टाकले." मग जरा थांबून, "तुमी कोन्या हापिसातले?"

कुठल्याच नाही म्हटल्यावर काका मोकळे झाले. एकदा रात्री लोकं येऊन मधोमध खड्डा करून गेले, लिंबं-हळदकुंकू टाकून गेले. 'सोनं निंगते म्हन्तेत.' कोणी मोजायला आलं की भीती वाटते, कारण 'नोंद झाली की वावर जाते.' हे सांगताना ते धुऱ्यावरच्या एका गोट्यावरच बसले होते, आणि त्या गोट्यावरही खळग्या होत्या.

त्या माणसाची भीती खुळी म्हणून सोडून देता येत नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ताजमहालाभोवती हा कायदा शहाणपणाचा आहे. पाच एकरांच्या वावरात, जिथे माणसाला गोठा वाढवायचा आहे, तिथे त्याचा अर्थ वेगळा लागतो. त्याला कायद्याची कलमं ठाऊक नाहीत, पण वारा कुठून वाहतो ते ठाऊक आहे. मग तो सगळ्यात सोपं उत्तर शोधतो: गोटेच राहिले नाहीत तर नोंद कशाची करणार? गुप्तधनवाला रात्री खड्डा करतो. त्याच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तरी आहे. वखराच्या पाळीत गेलेल्या वर्तुळाचा पंचनामा होत नाही.

उलट असं समजा की या काकांना कोणी सांगितलं असतं: तुमच्या वावरातल्या या जागेसारख्याच जागेतून निघालेल्या घोड्याच्या दागिन्यांवर पुण्या-नागपूरची माणसं वर्षानुवर्षं अभ्यास करतायत. त्यांना नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे वस्तुसंग्रहालयात, नेऊन वस्तू दाखवल्या असत्या. आणि हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी जी चार माणसं बघायला येतात त्यांच्याकडून काकांच्या नातवाला माणशी काही रुपये मिळाले असते. मग गोटे धुऱ्यावर गेले असते का? एखादा गेलाही असता. पण 'तुमी कोन्या हापिसातले' हा प्रश्न पहिला आला नसता. उत्खननाचे अहवाल इंग्रजीत निघतात, मणी पेटीत बंद होऊन शहरात जातात, आणि ज्याच्या जमिनीतून ते निघाले त्याच्यापर्यंत फक्त बंदीची बातमी पोचते. संरक्षणाची ही रीत ज्याच्या भरवशावर संरक्षण व्हायचं त्यालाच परका करते.

सांगणाऱ्या माणसामुळे जागा टिकते, हे काही मी शोधून काढलेलं नाही. विदर्भातच याचा दाखला आहे आणि तो सातशे वर्षं जुना आहे. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर. तेराव्या शतकात इथे महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींचे गुरू गोविंदप्रभू राहिले. चक्रधर स्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी गोळा केल्या, त्याही याच गावच्या परिसरात. महानुभावांनी एक विलक्षण गोष्ट केली. स्वामी कुठे बसले, कुठे जेवले, कुठल्या देवळात राहिले, त्या जागा त्यांनी एकेक करून नोंदल्या. चौदाव्या शतकातली 'स्थानपोथी' हीच नोंद आहे: अमुक गाव, त्याच्या अमुक दिशेला देऊळ, देवळाचं दार अमुक दिशेला, तिथे आसन. कोरडी, नेमकी, तलाठ्याच्या दप्तरासारखी भाषा. आणि त्या जागांवर त्यांनी राजवाडे बांधले नाहीत. साधे ओटे बांधले. कित्येक गावांत देऊळ पडलं, नदीने काठ बदलला, वस्ती उठली, तरी ओटा राहिला, कारण वर्षातून दोनदा का होईना कोणीतरी येऊन 'इथे स्वामी बसले होते' हे पुढच्या पिढीला सांगत राहिलं. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ झालंय. आणि तिथल्याच ताम्रपटाने वाकाटकांची, म्हणजे विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याची, राणी प्रभावतीगुप्ता आपल्याला पुन्हा सांगितली, हेही गंमतीचं.

हा श्रद्धेचा मामला झाला, असं कोणी म्हणेल. असेल. मग गोंडांचं पाहा. गोंड राजांच्या वंशावळी, कुळांच्या कथा, देवांच्या जागा परधानांनी, म्हणजे त्यांच्या भाटांनी, किंगरी या तंतुवाद्यावर गाऊन जपल्या. यजमानाच्या घरी जायचं, गायचं, आणि त्याबद्दल धान्य, वस्त्र, दक्षिणा घ्यायची. सांगणं हा व्यवसाय होता आणि त्याला मोबदला होता, ही बाब मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चंद्रपूरचा परकोट, राणी हिराईने बांधवलेली बीरशहाची समाधी, बल्लारपूरचा किल्ला हे आपण 'पुरातत्त्व' म्हणून बघतो; गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला जाणारी लाखो गोंड माणसं मात्र तिथे इतिहास बघायला जात नाहीत, आपल्या माणसांना भेटायला जातात. गाईड तयार करायचेच तर या लोकांच्या तोंडचं वगळून, फक्त विद्यापीठाची टिपणं हातात देऊन करता येणार नाहीत.

इथे हरकत घेणारे पुढे येतात, आणि त्यांच्या हरकती फालतू नाहीत.

पहिली: गावातला माणूस भाकडकथा सांगेल. सांगेलच. विदर्भातल्या प्रत्येक किल्ल्यातून एक भुयार निघतं आणि ते दुसऱ्या किल्ल्यात उघडतं; ही सगळी भुयारं खरी असती तर आपल्याला मेट्रोची गरज नव्हती. प्रत्येक जुनं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं आणि कोंबडा आरवला म्हणून शिखर राहून गेलं. मला या कथा आवडतात. त्या सांगाव्यात, पण 'असं म्हणतात' म्हणून सांगाव्यात आणि मग पुढचं सांगावं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या देवळांकडे गेलात की वीज पडून शिखर कोसळल्याची गोष्ट ऐका, पण वैनगंगा तिथे उत्तरेकडे वाहते हे डोळ्यांनी बघा, कनिंगहॅमसारखा पुरातत्त्वज्ञ तिथे येऊन इथल्या शिल्पांनी भारावला होता हे कळू द्या, आणि मुख्य देवळाची दुरुस्ती वर्षानुवर्षं का रखडली हा प्रश्नही गाईडनेच पाहुण्याच्या कानावर घालू द्या. ताडोब्यातला गाईडही पहिल्या वर्षी थापा मारायचाच. त्याला शिकवलं.

दुसरी हरकत: लोक आले की जागा मरते. हे मी पाहिलेलं आहे. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या रस्त्यावर काय चालतं ते अमरावतीकरांना विचारा. पण तिथली गर्दी गाविलगडात शिरते का? फारशी नाही. ती पॉइंटवर थांबते, कणीस खाते, धुक्यात रील काढते आणि परत फिरते. दोन-तीन किलोमीटरवर असलेल्या किल्ल्यात १५ डिसेंबर १८०३ ला काय झालं, कोणाला पडलेलं नसतं. बेनीसिंग किल्लेदार आपल्या माणसांसह लढत पडला. इंग्रज सेनापती वेल्स्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणार होता, त्याने किल्ला घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांचं कटक इंग्रजांना आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला गेला. वऱ्हाड आणि नागपूर वेगळे पडले ते तिथे. आजही एका जिल्ह्यातल्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस 'त्या बाजूचा' वाटतो, त्यात या तहाचा काही वाटा आहे असं मला वाटतं. दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलाय. हा तर कर्नाटकातला पक्षी, इथे सातपुड्यात कसा? वऱ्हाडातल्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला लहानपणी विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला होता, एवढं एक वाक्य मिळालं की तो दगड बोलायला लागतो. ज्या गर्दीला असं वाक्य मिळतं ती गर्दी भिंतीवर नाव कोरण्याआधी निदान एकदा थबकते. आणि सोबत गावचा माणूस असेल तर थबकतेच.

तिसरी हरकत सगळ्यात जड. शेतकरी फास घेतोय आणि तुम्हाला सहली सुचतात? कापसाचा भाव आणि सोयाबीनचा भाव यांवर गाईडची फी हा उपाय नाही, आणि तसा दावा करणाऱ्याला गावात उभं करू नये. पर्यटनाने विदर्भाचा कायापालट होईल हे वाक्य मी इतक्या भाषणांत ऐकलंय की आता ते आलं की मी चहाला उठतो. हिशेब छोटाच आहे. शिवाय फिरण्याचा हंगाम म्हणजे दिवाळी ते होळी, आणि नेमका तोच वेचणीचा, तुरी-हरभऱ्याचा हंगाम. घरच्या शेतात हात कमी पडत असताना कोण पाहुण्यांना किल्ला दाखवत बसेल? उत्तर गावात पहाटे पाच वाजता दिसतं. पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं. बीए झालेली, ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसणारी पोरं-पोरी. त्यांना वाकाटक, सातवाहन, यादव परीक्षेसाठी पाठ आहेत. आपल्या गावापासून पाच किलोमीटरवर वाकाटकांची राजधानी होती हे मात्र त्यांच्या नोट्समध्ये नाही.

नगरधनची गोष्ट अशीच आहे. रामटेकच्या खाली असलेला हा किल्ला. आज उभा आहे तो पुष्कळ नंतरचा, पण हेच वाकाटकांचं नंदिवर्धन. २०१५ ते २०१८ मध्ये इथे उत्खनन झालं आणि मातीची एक लहानशी मुद्रा निघाली. तिच्यावर ब्राह्मीत प्रभावतीगुप्तेचं नाव आणि शंख. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, नवरा गेल्यावर लहान मुलांच्या नावे राज्य चालवणारी बाई; पण मुद्रा तिच्या स्वतःच्या नावाची. सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भातून एक बाई आपल्या शिक्क्याने कारभार करत होती. मला नगरधनला गाईड म्हणून पोरगी हवी आहे. ते वाक्य तिच्या तोंडून वेगळं लागेल.

फिरणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण सगळं सरकारवर ढकलून आपण मोकळे होतो. आपली 'डब्बा पार्टी' आठवा. घरून पोळ्या, पिठलं, मिरचीचा ठेचा, थर्मासात चहा, पाण्याचे कॅन, सतरंजी, पत्त्यांचा कॅट. किल्ल्याच्या सावलीत बसायचं, खायचं, थोडं हिंडायचं, निघायचं. गावाला त्यातून काय मिळतं? टायर पंक्चर झालं तर पंक्चरवाल्याला दीडशे रुपये, बाकी प्लास्टिकच्या पत्रावळी. आता तर समृद्धीवरून जाताना सिंदखेडराजा १२० च्या वेगाने मागे पडतं. जिजाऊ जयंतीची बारा जानेवारी सोडली तर लखुजी जाधवांच्या समाधीपाशी उतरून जाणारे किती? मी डब्बा पार्टीच्या विरोधात नाही, माझं बालपण त्यात गेलंय. पण गावातल्या बचत गटाच्या बायकांना दोन दिवस आधी फोन केला तर त्या रोडगे आणि वांग्याची भाजी करून देतील. रोडगे गोवऱ्यांवर भाजायचे असतात, ते काही ऐनवेळी होत नाहीत, म्हणून आधी फोन. आणि घरच्या पिठल्यापेक्षा ते बरे लागतात, हे आमच्या घरी ऐकू गेलं तर माझी खैर नाही.

चंद्रपुरात स्थानिक तरुणांनी २०१७ पासून परकोटाच्या भिंतीवरची झुडपं काढली, मलबा उपसला, मग लोकांना घेऊन किल्ल्यावर फेऱ्या काढल्या. कोणाच्या कमानीची वाट पाहिली नाही. भिंत साफ झाल्यावर आपल्याच गावात किल्ला आहे असं शहरातल्या शहरात पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. पण ते शहर आहे. तिथे हौशी माणसं जमतात, पेपरात फोटो येतो. खेड्यात हौसेवर चालणारी गोष्ट दोन हिवाळे टिकते. पोराला नोकरी लागली, पोरगी सासरी गेली की संपलं. म्हणून फी हवी, यादी हवी, आणि यादीतलं एक नाव गळलं की दुसरं भरायची जबाबदारी कोणाची तरी हवी. ती ग्रामपंचायतीची असावी असं मला वाटतं. पुरातत्त्व खात्याचं कार्यालय शहरात, त्याच्या एका चौकीदाराकडे चार-चार जागा.

करायचं काय ते फार मोठं नाही. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्वाचा विभाग आहे. पावसाळ्यात, शेतात आणि किल्ल्यावर दोन्हीकडे चिखल असतो तेव्हा, त्यांनी प्रत्येक जागेच्या गावातली चार-पाच मुलंमुली घेऊन शिकवावं, आणि त्या जागेचा अहवाल मराठीत वीस पानांत करून द्यावा. त्यांना एकदा अजब बंगला दाखवावा. क वर्गासाठी पैसे देणाऱ्या जिल्हा नियोजन समितीने एका सभामंडपाचे पैसे इकडे वळवावेत. त्यात जिल्ह्यातले सगळे गाईड काही वर्षं शिकून निघतील. निळ्या पाटीवर दंडाच्या मजकुराखाली दोन ओळी वाढवाव्यात: या गावात ही जागा दाखवणारी माणसं आहेत, हा ग्रामपंचायतीचा नंबर, ही फी. फी छापलेली हवी. घासाघीस झाली की पहिल्यांदा गाईड दबतो, दुसऱ्यांदा पाहुणा. पहिल्या वर्षी तीनच जागा घ्या, पवनी, नगरधन, गाविलगड. शिलावर्तुळांना दुसऱ्या वर्षी हात लावा, कारण तिथे आधी शेतमालकांशी बसून बोलावं लागेल आणि त्या बोलण्यात सातबाऱ्याचा विषय निघणारच.

तोवर तुम्ही जाणार असालच, कारण थंडी पडली आहे आणि हुरडा आला आहे. गावाच्या चौकात गाडी थांबवा, पानठेल्यावर विचारा. 'किल्ल्याचं कोणाला माहीत आहे?' म्हटलं की दोन म्हातारे वाद घालतील आणि एक पोरगा 'चला, मी येतो' म्हणून पुढच्या सीटवर बसेल. परत सोडताना त्याला पैसे द्या. चहा-बिस्किटावर भागवू नका.